कानात बसलेली थोर माणसं

साखरखेर्डा,
मंगळवार, दुपार (वीज गेलेली)

ती. सौ. महामायाताईस,

धाकट्या सुचिताचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? मागच्या वेळी तू फोनवर गुडघ्याचं सांगायला लागलीस, मी चांगली मांडी ठोकून ऐकायला बसले, आणि तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली. त्यामुळे गुडघा अर्धाच कळला. भाऊजींचा खोकला उतरला असेल. नसेल उतरला तर त्यांना अडुळशाचा काढा दे, आणि तो मी सुचवला हे सांगू नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सासूबाई जिवंत आहेत (हे मुद्दाम लिहावं लागतं आहे, कारण पुढे येईल). प्रसेनजितची नागपुरात परीक्षा सुरू आहे आणि तो अभ्यास करतो आहे असं तो म्हणतो.

घरात दोन दोन फोन असताना ही पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. ताई, फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. पहिल्या वाक्याला तू "हो का" म्हणतेस आणि दुसऱ्याला "बरं, ठेवू का" म्हणतेस. पत्राला मध्ये तोडता येत नाही. फार तर घडी घालून ठेवशील, पण मग पुन्हा उघडशील, मी तुला ओळखते.

तर मोठी बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्याही पोटात राहायला नको. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी एक आख्खं पुस्तक मोठ्याने वाचणार आहे. लोक ते मोबाईलवर विकत घेऊन ऐकतील. वाचणार आहे म्हणजे, येत्या सोमवारपर्यंत त्याची पहिली तीन प्रकरणं इकडचातिकडचा एकही आवाज न येता करून पाठवली तर. नाही पाठवली तर ते पुस्तक पुण्याच्याच एका गृहस्थांकडे जाईल. त्यांचा आवाज मी चांगला ओळखते. प्रत्येक वाक्यानंतर ते असे थांबतात की जणू समोर हजार माणसं टाळ्या वाजवतायत आणि त्या संपेपर्यंत ह्यांना नाइलाजाने गप्प बसावं लागतंय. त्यांच्या हाती मी हे पुस्तक जाऊ देणार नाही. (मनात आहे तसं लिहिते. हातात काय आहे ते पुढे वाचशीलच.)

हे सगळं सुरू झालं प्रसेनजितमुळे. दिवाळीला आला होता तेव्हा म्हणाला, आई, तू दिवसभर शिलाई मशीनवर असतेस, हात कामात असतात पण कान रिकामेच. मी त्याला म्हटलं, बाबा, माझे कान रिकामे कधी पाहिलेस तू? ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई आधी सुनेचं सांगते आणि मग माप देते. पण त्याने ऐकलं नाही. माझ्या फोनमध्ये ती बोलकी पुस्तकं टाकून दिली, वर्षाची वर्गणी भरली आणि गेला. तेव्हापासून माझ्या कानात थोर थोर माणसं बसलेली आहेत. मी काज करते, बटण लावते, अस्तर कापते, आणि कुणीतरी उद्योगपती मला त्याचं लहानपण सांगत असतो.

ताई, आत्मचरित्रांबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. पहिल्या प्रकरणात प्रत्येक जण गरीब असतो. कितीही मोठा बंगला पुढे बांधणार असला तरी पहिल्या प्रकरणात तो अनवाणीच शाळेत जातो. ठीक आहे, आपणही गेलो, पण आपण ते इतक्या हळू आवाजात सांगत नाही. मग येतो संघर्ष. मग मध्येच कुठेतरी लग्न होतं. ते असं होतं, की "याच सुमारास माझा विवाह झाला आणि मला उत्तम साथ लाभली." बस. संपली बायको. मी शर्टाची कॉलर धरून वाट पाहते, की आता येईल, निदान नाव तरी येईल, पण त्याने तोवर दुसरा कारखाना काढलेला असतो. सासूबाईही माझ्याजवळ बसून ऐकतात (मी आता कानात न घालता मोठ्यानेच लावते, त्यांना करमतं). त्या तर फोनलाच विचारतात. तो पहाटे चारला उठून डोंगर चढायला जायचा हे ऐकलं की त्या म्हणतात, "एवढ्या पहाटे उठला तं चहा कोनं करून देल्ला त्याले?" आणि खरंच सांगते, एवढ्या जाडजूड पुस्तकात त्या चहाचा पत्ता लागत नाही.

एक मोठे निवृत्त साहेब ऐकले. त्यांची बदली झाली की दर वेळी आख्खं गाव रडतं. गाव बदलतं, रडणं तेच. मी बराच विचार केला की आपल्याकडे कोणाच्या बदलीला कोण रडलं होतं, तर मला फक्त पेढेच आठवले. एका गिर्यारोहकाचं ऐकताना मात्र मीच रडले. तो शिखरावर पोचला, त्याला आई आठवली, आणि मी एका पोरीच्या पोलक्याची बाही उलटी जोडली. सगळ्यांत सरस निघाली ती एक जुनी नटी. पहिल्याच वाक्यात ती म्हणते, की मी आता सगळ्यांना माफ केलेलं आहे, आणि त्यानंतर शेवटपर्यंत एकेकाला नावानिशी अशी धरते की ऐकत राहावं. ते मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तर दुकानासमोर भाजी घेऊन बसणाऱ्या रुक्मिणीबाई वांगी विकायची सोडून येऊन बसल्या होत्या.

आणि दुसरी ती स्वतःला सुधारायची पुस्तकं. त्यांत सगळे आधी तुम्हाला पाचला उठायला सांगतात. पाचला इथे पाणी भरून, अंगण झाडून, पहिला चहा पोटात गेलेला असतो. मग म्हणतात, तुमचा वेळ कोण चोरतं त्याची नोंद करा. मी केली. दिवसभर केली, आणि जेवताना ती ह्यांना वाचून दाखवली. (ह्यांना म्हणजे नागसेनला. नवऱ्याला नावाने हाक मारून बरोबरीने वागा असंही एका पुस्तकात आहे, पण माझी जीभ लिहितानाच वळते, बोलताना नाही.) हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, बोलतात कमी. त्यांनी घास हातात तसाच धरला आणि विचारलं, "म्हंजे हे जेवन बी चोरीतच धरलं का?" तेव्हापासून आठवडाभर हे प्रत्येक पोळी मागताना घरमालकाची परवानगी काढल्यासारखे बघत होते. शेवटी मीच ती पद्धत बंद केली.

पुढच्या पुस्तकाने सांगितलं, की रोज आरशासमोर उभं राहून स्वतःशी चांगलं बोला. आरसा दुकानातच, पडद्यामागे. मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, मी समर्थ आहे, माझ्यात काही कमी नाही, जे झालं ते योग्यच झालं. पडद्याबाहेर रुक्मिणीबाई आपलं घट्ट झालेलं ब्लाऊज परत घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, मी त्यांनाच ऐकवते आहे. त्या म्हणाल्या, "कमी तुह्यात नाही वं बाई, बाहीत हाये." ती बाही मी फुकट उसवून दिली आणि आरशाला टॉवेल टाकला.

पण ताई, एक कबूल करायला हवं. ऐकता ऐकता मला वाचणाऱ्याचे दोष कळायला लागले. कोण दमून वाचतंय, कोणाला त्यातलं काहीच पटलेलं नाही, कोणी आयुष्यात घागर उचललेली नसताना घागरीचं वर्णन करतंय. त्या कंपनीने अभिप्राय पाठवायला एक नंबर दिलेला आहे. टाइप करायला मला दिवस लागतो, म्हणून मी बोलूनच पाठवायला लागले. लांबच लांब. मागे मशीनची खडखड, मध्ये सासूबाईंचा शेरा, आणि माझं मत. कोणी ऐकत असेल असं वाटलं नव्हतं, म्हणून मनसोक्त बोलले.

तर ते सगळे जण ऐकत होते. दुपारच्या चहाला ऑफिसात लावून ऐकायचे. एक दिवस तिथल्या अनुपमा मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आता वर्गणी परत करतायत. उलट त्या म्हणाल्या, एक पान वाचून पाठवता का? मी पाठवलं. त्यांच्या साहेबांना माझं बोलणं जरा गावाकडचं वाटलं. अनुपमा मॅडम म्हणाल्या, वाटू द्या, ह्या पुस्तकाला असा आवाज हवा की ऐकणाऱ्याला आपली मावशी पदर खोचून समोर बसली आहे असं वाटावं. साहेब म्हणाले, मग तीन प्रकरणं मागवा, पण आवाज स्वच्छ पाहिजे, नाहीतर ते गृहस्थ आहेतच. स्वच्छ म्हणजे मागे पंखा नको, पाखरू नको, माणूस नको. मला सांग, साखरखेर्ड्यात पाखरू नको म्हटलं तर जमेल एखाद वेळ, पण माणूस नको हे कसं जमायचं?

पहिल्या दिवशी मी भर दुपारी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि वाचायला बसले. तुला तर माहीत आहे, भर दिवसा शटर पडलं की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. माझं दुकान तर ताप असला तरी उघडं असतं. समोरच्या किराणावाल्याने पाहिलं, त्याने आपलंही शटर मानाने अर्धं खाली घेतलं, मग त्याच्या शेजारच्याने घेतलं. आतून माझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता एका सुरातला चढउतार. बाहेरच्यांनी ठरवलं की मी शोक करते आहे. आणि आमच्या घरात जायच्या वयाचं माणूस कोण, हे ठरवायला कोणाला वेळ लागला नाही. मी दुसऱ्या पानावर असताना बायका डोक्यावर पदर घेऊन आमच्या घरी पोचल्या. आमच्या गल्लीतल्या झुंबरबाईंनी तर वळणावरूनच गळा काढला. दार उघडलं ते सासूबाईंनी, हातात लसणाची पाटी घेऊन.

दुसरी कोणी असती तर संतापली असती. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी आहो अजून. आल्या तं बसा, चहा घ्या." आणि सगळ्यांना बसवून त्यांनी नीट पाहून घेतलं, की कोण खरोखर रडत आली, कोण नुसती आली, आणि कोण वाटेत दूध घेऊन आली. झुंबरबाईंना त्या दिवसापासून आमच्याकडे पहिला मान आहे. सासूबाई इतक्या खुश आहेत की म्हणतात, एकदा परत शटर पाडून पाहा, रुक्मिणी तेव्हा वावरात होती, तिचं पाहायचं राहिलं. मी मात्र शटर वर केलं तेव्हा समोर ह्यांची मोटारसायकल आणि ह्यांच्या मागे बसलेले, कामधंदा सोडून आलेले दोन पाहुणे पाहिले, आणि पुन्हा कधी दुकानात वाचणार नाही असं ठरवलं.

अनुपमा मॅडमना विचारलं तर त्या हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, भोवती मऊ कापूस-कापड असलं की आवाज शोषला जातो, गोधड्या घ्या. घेतल्या. घरातल्या होत्या तेवढ्या सगळ्या बाजेवर चढवल्या आणि मी खाली शिरले, बॅटरी, पुस्तक आणि फोन घेऊन. एप्रिलचं ऊन, ताई. माझं भरीत होत होतं, पण आवाज असा मऊ निघत होता की मलाच माझी भूल पडली. तेवढ्यात हे जेवायला आले. गोधड्यांचा ढीग थरथरतो आहे आणि आतून कण्हल्यासारखा आवाज येतो आहे हे पाहून ह्यांनी वरून हात ठेवला आणि विचारलं, "काऊन वं, थंडी वाजून राह्यली का?" मी बोलू शकत नव्हते, कारण परिच्छेद संपायला एक ओळ उरली होती. गप्प राहिले, तर ह्यांनी घाबरून उरलेली सतरंजीही माझ्यावर टाकली आणि डॉक्टरांना आणायला पळाले. ती ओळ रेकॉर्डिंगमध्ये आहे. ह्यांची काळजीही आहे. पुण्यात म्हणे तेवढाच तुकडा सगळ्यांना आवडला.

मग ह्यांनीच मार्ग काढला. शेतातल्या मोटारीच्या खोलीत बस म्हणाले, तिथे काळं कुत्रं फिरकत नाही. खरंच फिरकलं नाही. मी दीड प्रकरण विनाअडथळा वाचलं. पुस्तकात एक जागा आहे, की आता डोळे मिटा आणि आपल्या आतली शांतता ऐका. मी डोळे मिटले, आणि वीज आली. मोटार माझ्या मांडीजवळ अशी सुरू झाली की आतली शांतता जी पळाली ती अजून परत आलेली नाही. पाइपाच्या सांध्यातून उडालेल्या पाण्याने भिजलेलं पुस्तक दोरीवर वाळत घातलं आहे.

हसून घे. मीही हसते आहे, लिहिताना सासूबाई दोनदा विचारून गेल्या की काय झालं. पण ताई, हसण्यातलंच एक सांगते. लग्नानंतर मी आजवर लोकांचं ऐकत आले. गिऱ्हाइकांचं ऐकलं, घराचं ऐकलं, आता त्या थोर माणसांचंही ऐकलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणाला तरी पाणी लागतं. वाईट कोणीच नाही गं, पण माझं बोलणं म्हणजे सगळ्यांना मध्येच पडलेली फट वाटते, की इथून आपलं घुसवावं. आणि आता कोणीतरी मला म्हणतंय, की तुम्ही तासन् तास बोला, लोक गाडी चालवताना, पोळ्या लाटताना गप्प बसून ऐकतील. मला हे काम हवं आहे. इतकं मला काहीच कधी हवं नव्हतं. तू कोणाला सांगू नकोस, पण त्या गोधडीखाली घामाने चिंब होऊन वाचत होते ना, तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की रडू आलं.

असो. जास्त काय लिहू. गुडघ्याला शेक देत जा. मुलांना खूप खूप आशीर्वाद. सासूबाई तुला आठवण सांगतात आणि विचारतात, की ती बातमी तुमच्या खामगावपर्यंत पोचली होती का, आणि पोचली असेल तर तू रडलीस का.

तुझीच,
सुचिता

ता. क. : पत्र पुन्हा वाचून पाहिलं, तर मुख्य गोष्ट राहूनच गेली. भाऊजींच्या जिनिंग मिलचा, कापसाचा हंगाम आता संपला असेल ना? यंत्रं बंद, हमाल गावी, आणि ते मोठं गोदाम रुईच्या गाठींनी छतापर्यंत भरलेलं. किल्ली भाऊजींच्याच कमरेला. मी अनुपमा मॅडमना सहज विचारलं, की कोणी कापसाच्या गोदामात बसून वाचलं तर? त्या म्हणाल्या, सुचिताताई, तसली खोली आमच्याकडे पुण्यातही नाही. तर मला दोन गाठींच्या मधली बोळकंडी द्या, एवढंच. चटई माझी. काडेपेटी नाही, शेगडी नाही, चहासुद्धा बाहेर येऊन पिईन. उतरायचं अर्थात तुझ्याकडेच. सासूबाईही येतील, कारण त्यांना इथे एकटं ठेवून मी गेले तर लोक पुन्हा पदर घेऊन येतील.

ता. क. दुसरं : पुस्तक कशावर आहे ते तू विचारशील. स्वतःला सुधारायच्या पुस्तकांबद्दल मी वर जे लिहिलं ते ह्याला लागू नाही; हे पुस्तक फार चांगलं आहे. विषय असा, की लोकांच्या मागण्यांना नाही कसं म्हणावं. तिसरं प्रकरण खास नातेवाइकांवर आहे, न कळवता मुक्कामाला येणाऱ्यांवर तर चांगली आठ पानं आहेत. लेखिका म्हणते, कारण देत बसू नका, एका वाक्यात नाही म्हणा आणि हसून दार लावा. ताई, ते तू जरूर ऐक. पण माझ्या आवाजात ऐक, म्हणजे ते बाहेर पडल्यावर.

ता. क. शेवटचं : अक्षर हललं आहे, कारण हे बसमध्ये लिहिते आहे. चिखली मागे पडली. पत्र पोस्टात टाकलं असतं तर सोमवार उलटून गेला असता, आणि तोंडी सांगायला आले असते तर तू दुसऱ्या वाक्याला तोडलं असतंस. म्हणून दार उघडल्याबरोबर हे पाकीट तुझ्या हातात देऊन मी "आधी वाच" एवढंच म्हणणार आहे. तेव्हा आता वाचून झालं असेल तर मान वर कर. मी आणि सासूबाई तुझ्या समोरच उभ्या आहोत, आणि इतका वेळ मी एक शब्द बोललेली नाही.